देवाचा डबा आणि आपला डबा

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपल्या इंदूरात काय, बडोद्यात, ग्वाल्हेरात काय, आता कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात गेलं की एकाच वस्तूचे तीन थर दिसतात. खाली साधी पाकिटं, मध्ये जरा बरी, आणि डोळ्यासमोर येईल अशा फळीवर काळ्या-सोनेरी रंगातली. गोल्ड, रॉयल, सिलेक्ट, प्रीमियम. पाकीट हाताला मखमलीसारखं लागतं, झिप असते, मागच्या बाजूला शेतकऱ्याचा हसरा फोटो. त्याच दुकानात अगरबत्तीच्या कोपऱ्यात आणखी एक फळी असते, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. पूजेचं तूप, पूजेची सुपारी, पूजेचे तांदूळ, पूजेचं मध. ही फळी दुकानातली सगळ्यात स्वस्त. या दोन फळ्या आज शेजारी-शेजारी ठेवून बघू या. सत्संगात आपण अन्नाबद्दल नेहमी बोलतो, पण या दोन फळ्यांबद्दल बोलायचं राहून जातं.

आधी वरच्या फळीचं. ही तऱ्हा आपल्याकडे हल्लीची, पण तिची घडण मुख्यतः ब्रिटनमधल्या दुकानांत झाली. तिथे टेस्को नावाच्या मोठ्या दुकानाने १९९३ मध्ये स्वतःच्या नावाने अगदी स्वस्त 'व्हॅल्यू' पाकिटं काढली, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, बघताक्षणी गरीब वाटावीत अशी. मग १९९८ मध्ये त्याच दुकानाने 'फायनेस्ट' नावाची दुसरी माळ काढली. दुसऱ्या एका मोठ्या दुकानाने, सेन्सबरीने, २००० मध्ये आपली अशीच उंची माळ आणली. पुढे तर आल्डी आणि लिडल ही जर्मन दुकानं, ज्यांची ओळखच स्वस्ताईची, त्यांनीही आपापल्या उंची माळा काढल्या. आपल्या परिवारातल्या ज्या मुली-सुना तिकडे आहेत त्यांना हे सांगायला नको. दुकान एक, मालक एक, टोपली एक, आणि त्या एका टोपलीत बाईने ठरवायचं की आज आपण कोण आहोत, निळ्या पट्टीवाली की चंदेरी डबीवाली.

यात लोकांना ओढणारं असं काय असतं? हे नीट समजून घ्यायला हवं, कारण नुसतं 'हव्यास वाईट' म्हणून सोडून दिलं तर कुणाच्याच उपयोगाचं नाही. घर घेणं हाताबाहेर गेलंय. सोन्याचा भाव ऐकून सराफ्याकडे पाऊल वळत नाही, वळलंच तर रात्री खायला वळतं. पण ऐंशी-शंभर रुपये जास्त देऊन सोनेरी पाकीट घेता येतं. तेवढ्यापुरतं तरी 'आपल्यालाही सगळ्यात चांगलं मिळतं' हे सुख घरी येतं. एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचे प्रमुख लिओनार्ड लॉडर यांनी २००१ च्या मंदीत सांगितलं होतं की दिवस वाईट आले की लिपस्टिक जास्त खपते. मोठं काही परवडत नाही तेव्हा बाई छोटं काहीतरी स्वतःला देते. पुढे अभ्यासकांनी आकडे तपासून त्यावर वाद घातले ते घालोत, पण घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला यातलं मन ओळखीचं वाटेल. तीस-पस्तीस वर्षं सगळ्यांना गरम पोळी वाढून शेवटची गार पोळी स्वतः खाणाऱ्या बाईने एखाद्या दिवशी चांगल्या कॉफीची बाटली घेतली तर तिला वैराग्य शिकवायला जाऊ नये. आमचं स्पष्ट मत आहे, तिने ती कॉफी प्यावी, आणि बसून प्यावी.

शिवाय वरच्या फळीवरचं सगळंच खोटं नसतं. गहूच घ्या. सिहोर-विदिशाकडचा शरबती आपल्या माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो. लोकवनपेक्षा भाव जास्त, पण पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते हे आपल्या आज्यांना कुणी जाहिरातीत सांगितलं नव्हतं. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता तोच गहू दळून 'सिलेक्ट' नावाने पाकिटात येतो आणि मुंबई-पुण्याच्या लोकांना तो उंची वाटतो. सियागंजातून पोतं आणून, निवडून, एरंडेल लावून कोठीत भरणाऱ्या घरात तो नुसता 'वर्षाचा गहू' असतो. बासमतीचंही तसंच. वर्ष-दोन वर्षं जुना तांदूळ मोकळा शिजतो, त्याचे जास्त पैसे रास्त आहेत. अख्खा दाणा, मग तीबार, दुबार, आणि शेवटी तुटका मोगरा, हे दर्जे दाण्याच्या लांबीवर ठरतात. वास तोच, शेत तेच.

काही ठिकाणी मात्र नुसता शब्दच विकला जातो. 'ए-टू' तूप घ्या. ए-वन आणि ए-टू हा फरक दुधातल्या एका प्रथिनाच्या घडणीतला. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश, त्यात ते प्रथिन राहतंच किती? देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ ला हेच कारण देऊन पाकिटांवरून हे शब्द काढा म्हणून सांगितलं, आणि २६ ऑगस्टला आणखी विचारविनिमयासाठी ती सूचना मागे घेतली. पाकिटं आहेत तशीच आहेत. आणि ते गुलाबी 'हिमालयन' मीठ? अहो, ते आपलं उपासाचं शेंदेलोण! आजीच्या फडताळात मातीच्या बरणीत असायचं, आता काचेच्या चक्कीत बसून परत आलंय. हौसेने जरूर वापरा, फक्त रोजच्या मिठात आयोडीन घातलेलं असतं ते यात बहुधा नसतं, हे लेकुरवाळ्या घरांनी ध्यानात ठेवावं. हल्ली एमआरपीजवळ ग्रॅममागे किंवा किलोमागे काय भाव पडतो तेही छापलेलं असतं. चष्मा लावून तेवढं वाचलं की पुष्कळ पाकिटं आपसूक खालच्या फळीवर येतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे 'केशर-बदाम' नावाच्या डब्यात साखर पहिली आणि केशर शेवटून दुसरं असेल तर आपण साखर विकत घेतोय.

आता शास्त्राकडे येऊ. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. कधी शांतपणे वाचून बघा. सात्त्विक आहार म्हणजे बेचव, पचपचीत, असं तिथे कुठेही नाही. तो रसाळ आहे, स्निग्ध आहे, शरीरात टिकणारा आणि मनाला रुचणारा आहे. म्हणजे चांगलं-चुंगलं खाण्यावर भगवंतांचा राग नाही. पण सगळा अध्याय पालथा घातला तरी किमतीचा उल्लेख नाही. महाग ते सात्त्विक असं नाही, आणि स्वस्त ते सात्त्विक असंही नाही. हे दुसरं आपल्यातल्या काही काटकसरी मंडळींसाठी मुद्दाम लिहिलं.

तर मग अडतं कुठे? ते सांगायला गेल्या उत्सवातली एक गोष्ट सांगतो, नावगाव न घेता.

शिधा गोळा करायचं टेबल लागलं होतं. प्रत्येक घराने एकेक वस्तू आणायची, वहीत नोंद करायची. बऱ्याच जणींनी रव्याची एकसारखी सोनेरी पाकिटं आणली होती, टेबलावर अगदी दुकानासारखी रांग झाली. फोटोही निघाले, ग्रुपवर पडले. एका ताईंनी दोन किलो रवा धुतलेल्या साखरेच्या पिशवीत आणला होता. कुणीतरी, वाईट हेतू नसेल, पण म्हणून गेलं, "अगं बाई, सुटा आणलात का? फोटोत नको, मागे ठेवू." ताईंनी पिशवी स्वतःच उचलून टेबलाखाली ठेवली. यजमान पूर्वी गिरणीत होते, गिरण्या बंद पडल्यापासून त्या घरात प्रत्येक रुपयाचा हिशोब आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी आचाऱ्यांनी शिऱ्याला घेतला तेव्हा पिशव्या फोडता-फोडता ती पिशवी हाताला लागली. सोडली आणि त्यांनीच विचारलं, "हा भाजलेला कुणाचा?" दोनदा चाळलेला, निवडलेला, मंद आचेवर बदामी होईपर्यंत कोरडा भाजलेला रवा. इतक्या मोठ्या कढईत भाजताना आचाऱ्यांचे हात दुखतात म्हणून घरून भाजून आणलेला. उत्तर द्यायला ताई नव्हत्या, त्या आरतीआधीच घरी गेल्या होत्या. पुढचे दोन गुरुवार आल्या नाहीत. आमच्यातल्या दोघी घरी गेल्या तर म्हणाल्या, "काही नाही हो, गुडघे." चहा दिला, सगळ्यांची विचारपूस केली. निघताना दारात मात्र म्हणाल्या, "यंदा शिध्याच्या यादीत माझं नाव नका लिहू."

गुरूच्या दारात येणाऱ्या माणसाला आपली पिशवी लपवावीशी वाटली, ही लहान गोष्ट नाही. सुदामदेवांची कथा आपण मुलांना किती गोड करून सांगतो! भागवताच्या दशम स्कंधात ती आहे. घरात काही नाही म्हणून बायकोने शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणले आणि चिंधीत बांधून दिले. द्वारकेत पोचल्यावर ते महाल, ती आसनं, ती श्रीमंती बघून या सज्जन माणसाने मान खाली घातली आणि पुरचुंडी पुढे केलीच नाही. द्वारकेत सुदामदेवांना कुणी घालूनपाडून बोललं नव्हतं. नुसती थाटाची रांग बघून त्यांचा हात आखडला. भगवंतांनी ती पुरचुंडी ओढून घेतली म्हणून कथा झाली. आपल्या टेबलावर ओढून घेणारं कोण होतं?

वरच्या फळीचं खरं काम हे आहे. ती आपल्याला चांगला रवा देते, ठीक. पण त्याबरोबर शेजारणीच्या साध्या रव्याकडे बघायची एक नजरही देते, आणि तिचे पैसे पाकिटावर छापलेले नसतात.

सत्यनारायणाच्या कथेत प्रसादाचं माप दिलंय ते आठवा. रवा, तूप, साखर, दूध, सगळं सव्वा. आणि तिथेच पुढे सोय सांगितली आहे. गहू नसेल तर तांदळाचं पीठ चालेल, साखर नसेल तर गूळ चालेल. कथा सांगणाऱ्याला गरिबाचं घर माहीत होतं. पदार्थात सूट दिली, पण सव्वातला पाव सोडला नाही. घरात मूठभर असेल तर सव्वा मूठ. तो वरचा पाव कुणाच्या डोळ्यात भरत नाही, तो वाटून टाकायचा असतो.

आता त्या दुसऱ्या फळीकडे वळू, अगरबत्तीच्या कोपऱ्यातल्या. दिव्याच्या तुपाच्या किंवा तेलाच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, फक्त पूजेसाठी, खाण्यासाठी नाही. समईत जाळायला ते कुणी वापरलं तर आमचा वाद नाही, वात जळते आणि उजेड पडतो. पण सुपारी अशी की अडकित्त्याने फुटत नाही, खारीक अशी की आत भुंगा, तांदूळ असे की घरातलं माणूस ताट बाजूला सारील. ते 'पूजेचे'. ओटीतही तेच, भटजींच्या शिध्यातही तेच. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. तो आपण मागतो ते ठेवतो.

कठोपनिषदाची सुरुवातच इथे होते. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व दान करायचं ठरवलं आणि गाई दिल्या. पण कुठल्या? ज्यांचं पाणी पिऊन झालं, गवत खाऊन झालं, दूध काढून झालं, अंगात ताकद उरली नाही अशा. सगळे गप्प बसले, मुलगा बोलला. नचिकेता लहान होता, पण त्याला दिसलं की बाबा नको असलेलं देतायत. मला कुणाला देणार, असं त्याने तीनदा विचारलं, आणि वडील चिडून म्हणाले, मृत्यूला. आपण नचिकेत्याची पुढची गोष्ट सांगतो, यमाच्या दारातली, वरांची. पण तिला तोंड फुटलं ते भाकड गाईंवरून. आपल्या घरातली मुलंही बघत असतात बरं. त्यांना कळतं की कॉर्नफ्लेक्स कुठल्या फळीवरचे येतात आणि देवाचे बदाम कुठल्या.

आणि देवाचंच कशाला? कामाच्या मावशींचा चहा वेगळ्या भुकटीचा, त्यांचं बिस्किट वेगळ्या पुड्यातलं, असं किती घरांत चालतं. आपल्या कपाटातला उंची चहाचा डबा पाहुण्यांसाठी उघडतो, आणि ज्या बाईच्या हातांवर आपलं घर उभं असतं तिच्यासाठी 'तो दुसरा' निघतो. गीतेचा तोच सतरावा अध्याय पुढे दानाचे प्रकार सांगतो. त्यात तामस दान कुठलं, तर अवेळी, अपात्री, आणि मान न राखता, हेटाळणीने दिलेलं. वस्तू कितीची होती हे तिथेही विचारलेलं नाही.

दुर्योधनाने श्रीकृष्णाला जेवायला बोलावलं तेव्हा त्या स्वयंपाकात काय कमी असेल? महाभारतातल्या उद्योगपर्वात कृष्णाचं उत्तर आहे, ते फार रोकठोक आहे. माणूस दुसऱ्याकडे जेवतो ते प्रेम असलं तर, किंवा अडचणीत असला तर. तुझं आमच्यावर प्रेम नाही, आणि आम्ही अडलेलो नाही. एवढं बोलून ते उठले आणि विदुराकडे गेले. आपल्या संतपरंपरेने त्यात विदुराघरच्या कण्या घातल्या, आणि कणी म्हणजे काय, तर तोच तुटका दाणा, दर्जाच्या यादीतला शेवटचा.

म्हणजे सुदामदेव आणि विदुर यांच्या घरी जे होतं तेच त्यांनी दिलं. वाजश्रवसाच्या गोठ्यात दुभत्या गाई होत्या आणि त्याने भाकड दिल्या. बघायचं ते एवढंच, की जे घरात आहे त्यातलं काय बाहेर निघालं. जो शरबती खातो त्याने शरबती द्यावा, जो लोकवन खातो त्याने लोकवन द्यावा, दोघांनीही आपल्याच कोठीतला द्यावा. देवासाठी खास महाग पाकीट आणायला जायची गरज नाही, आणि खास स्वस्त आणायला तर नाहीच नाही.

गेल्या बैठकीत यावर चांगलीच चर्चा झाली. काही जणींचं म्हणणं होतं की सगळ्यांनी एकाच ब्रँडचा रवा आणावा म्हणजे शिरा एकसारखा होतो. आचाऱ्यांना विचारलं, ते हसले. सगळे रवे एकत्र करूनच भाजतात म्हणाले, कढईत गेल्यावर त्यांनाही ओळखता येत नाही. काही जणींना फोटो हवेच होते. त्यावर पुरुष मंडळींपैकी एक काका म्हणाले, फोटो कढईचा काढा, आणि ते सगळ्यांना पटलं. त्या ताईंकडे आमच्यातल्या तिघी पुन्हा जाऊन आल्या. शिधा आणा असं सांगायला नाही, तर आचाऱ्यांना यंदा रवा भाजायच्या आधी चाळून द्यायला हात हवेत आणि त्यांच्यासारखं चाळणारं कुणी नाही, हे सांगायला. विचार करते म्हणाल्या.

तर यंदाचं ठरलं ते असं. गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी चार ते सहा या वेळात मंडळाच्या मागच्या दाराने यावं. तिथे झाकणाचे मोठे स्टीलचे डबे ठेवलेले असतील: एक रव्याचा, एक तांदळाचा, एक मूगडाळीचा, एक साखर-गुळाचा. आपल्या हाताने त्यात ओतायचं. वहीत नाव नाही, वस्तू नाही, वजन नाही. पाकिटातलं आणायचं असेल तर घरीच फोडून कापडी पिशवीत किंवा डब्यात घालून आणावं, रिकामी पाकिटं मंडळात टाकू नयेत, घंटागाडीवाले ओला-सुका वेगळा मागतात. जे आपल्या घरात रोज शिजतं त्यातलंच आणावं, आणि माप घरच्या वाटीने सव्वा. तूप घरी कढवलेलं असेल तरच आणावं, एरवी तुपाची जबाबदारी मंडळाची. पूजेच्या फळीवरचं काहीही स्वयंपाकात येणार नाही, ओटीतही नाही.

रवा कुणी भाजून आणणार असेल तर कोरडाच भाजावा, तूप घालू नये, नाहीतर शिऱ्याचं माप चुकतं. भाजलेल्यासाठी वेगळा डबा आहे, त्यावर खडूने खूण केलेली असेल.